खळ घातलेले शर्ट

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मला आजही चटकन सांगता येत नाही. कापडाची शिल्पं करते म्हटलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे बाहुल्या?" नाही हो, बाहुल्या नाही. "मग फॅशन डिझायनिंग?" तेही नाही. मग मी गप्प बसते आणि समोरच्याला वाटतं, बाई शिष्ट आहे. आहेच मी शिष्ट. सकाळी ठाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची, दुपारी डोंबिवलीच्या मानपाड्याला यायचं, आणि एमआयडीसीच्या कडेला भाड्याने घेतलेल्या पत्र्याच्या गाळ्यात ओल्या कापडाशी झोंबत बसायचं. त्यात गोड बोलायला ताकद उरत नाही.

कापड उभं राहत नाही, हा त्याचा स्वभाव. त्याला उभं करायचं तर आधी आत कुणीतरी लागतं. मी लोखंडी जाळी वाकवून माणसाचा आकार करते, त्याला प्लॅस्टिक गुंडाळते आणि खळीत बुडवलेलं कापड त्यावर चढवते. ओलं आहे तोवर एकेक चुणी बोटाने बसवायची, पंखा लावायचा आणि हात लावायचा नाही. वाळून कडक झालं की आतली जाळी ओढून काढायची. उरतो तो नुसता पोकळ शर्ट, पण खांदे असलेला, पाठ असलेला. आतला माणूस आत्ताच उठून गेलाय असं वाटतं.

लोक सांगतात, खळ कशाला, गोंद वापर, जन्मभर टिकेल. टिकेल हो, पण गोंदाने कापड मरतं. रेनकोटसारखं चमकायला लागतं. मी मैद्याची खळ शिजवते, चिमूटभर मोरचूद घालते म्हणजे झुरळं फिरकत नाहीत, आणि झालं. कापड कापडच राहतं.

कापडाचा नाद मला दादाने लावला. माझा मोठा भाऊ. मानपाड्यालाच एका कापड रंगवायच्या कारखान्यात होता. रंग फसला, छपाई हलली की ताग्याची टोकं कापून फेकतात, ती तो पिशवीत कोंबून आणायचा आणि घरात शिरता शिरता ओरडायचा, "कलाकार, तुझा कचरा आला गं!" त्या कचऱ्यावर मी शिकले. कॉलेजातले सर मातीत हात घाला म्हणायचे, आणि मी आपली फसलेल्या रंगाच्या चिंध्या पिळत बसायचे. आई म्हणायची, या पोरीचं कसं होणार. दादा म्हणायचा, होईल गं, नाही झालं तर पडदे शिवेल.

आमचं घर कोपरीला, ठाणे पूर्वेला. तीन मजली जुनी बिल्डिंग, बाहेर सामाईक गॅलरी, गॅलरीत सगळ्यांच्या वाळत घालायच्या दोऱ्या. आई, दादा आणि वहिनी तिथे राहायचे. मी लग्न केलं नाही, डोंबिवलीला एकटी राहते आणि सुट्टीला आईकडे जाते. त्या वेळीही गेलेले. सकाळी मी चहा पीत बसलेले आणि दादा दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून बूट चढवत होता. मला म्हणाला, "टोकं आणू का आज?" मी म्हटलं, आण. तो निघाला आणि कामावर पोचलाच नाही.

बस्स, एवढंच. भांडण नाही, चिठ्ठी नाही, कुणाचं देणं नाही, डोक्यावर परिणाम नाही. डबा घेऊन गेला. फोन दुपारपर्यंत वाजत होता, मग बंद झाला. आम्ही काय नाही केलं ते विचारा. पोलीस चौकी झाली, हॉस्पिटलं झाली, शवागारात जाऊन परक्या माणसांची तोंडं बघून झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरला. फिरून फिरून तो आम्हालाच परत आला, खाली हात जोडलेले. ज्या ज्योतिषाने जे सांगितलं ते आईने केलं. कुणी म्हणालं उत्तरेला आहे, कुणी म्हणालं पाण्याजवळ आहे. अरे, ठाण्यात पाण्याजवळ नाही असं काय आहे? माझं डोकं फिरायचं.

मानपाड्याचा गाळा मी त्यानंतर घेतला. लोकांना वाटतं, स्वस्त मिळाला म्हणून घेतला असेल. मला शिफ्ट सुटायच्या वेळी तिथे असायचं होतं. कारखान्यांतून माणसं बाहेर पडायची आणि मी दारात उभी राहून प्रत्येकाची पाठ बघायचे. चेहऱ्यात फसगत होते, पाठीत होत नाही. दादाचा डावा खांदा खाली असायचा, मान किंचित पुढे. तसा कुणी दिसला की मी त्याच्यामागे धावायचे, आणि तो वळला की मी आत जाऊन शटर ओढून रडायचे.

बरीच वर्षं अशी गेली. मग एके दिवशी मी वहिनीकडे त्याचे कपडे मागितले. तिने का, कशाला, काही विचारलं नाही. कपाटातून निळ्या चौकड्यांचा शर्ट, एक जुना पांढरा शर्ट आणि राखाडी पँट काढून माझ्या हातात दिली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

मी त्याला बूट घालताना केलं. बसलेला, पुढे वाकलेला, कोपर गुडघ्यावर. पांढरा शर्ट आत अस्तरासारखा, वर चौकड्यांचा. माप घ्यायला माणूस नव्हता, पण माझ्या हातांना सगळं पाठ होतं हो. जाळी वाकवताना मला विचार करावा लागला नाही. पाठीवर शर्ट कुठे ताणतो, बगलेत कुठे गोळा होतो, पोटावर दोन बटणांच्या मध्ये कुठे फट पडते, सगळं आपोआप होत गेलं. डोकं केलं नाही. हात केले नाहीत. जाळी काढली आणि तो स्वतःच्या जोरावर बसून राहिला तेव्हा मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मेल्या, कुठे होतास रे इतके दिवस?" मला तेव्हा आनंद झालेला. खोटं कशाला बोलू.

ठाण्यात प्रदर्शन झालं तेव्हा तो मांडला. लोकांनी त्याच्या शेजारी बसून सेल्फी काढले. एक गृहस्थ म्हणाले, "अनुपस्थितीचं फार समर्थ रूपक आहे." मी म्हटलं, भाऊ आहे. ते हसले. त्यांना वाटलं तेही रूपकच.

शेवटच्या दिवशी आई आली. मी तिला बोलावलेलंच नव्हतं, कुणाकडून तरी तिला कळलं. गुडघ्यांचा त्रास, तरी रिक्षा करून एकटी आली. हॉलभर उभ्या असलेल्या बाकीच्या कामांकडे तिने बघितलंही नाही, थेट त्याच्याकडे गेली. मी धावत गेले, म्हटलं आई, हात नको लावू, मोडेल. तिने हात लावला. मागून कॉलर दुमडलेली होती, मीच मुद्दाम तशी ठेवलेली. ती तिने सरळ केली आणि मला म्हणाली, "ह्याला घरी ने."

"आई, हे माझं काम आहे. कापड आहे."

"कापड आहे तर घरी न्यायला काय झालं?"

आईशी कोण वाद घालणार? टेम्पोत चादरी अंथरून मी त्याला कोपरीला आणला. दोन पोरांनी जिन्यावरून वर चढवला. वहिनी कणीक मळता मळता बाहेर आली आणि दारातच थिजली. हात पिठाचे. मग म्हणाली, "वन्सं, हे काय आणलंत?" एरवी ती मला नावाने हाक मारते, तू म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, आता आपली काही धडगत नाही.

आईने त्याला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. सकाळी उठली की आधी त्याच्यावरची धूळ फुंकायची. पोथी वाचायला त्याच्यासमोर बसायची. जेवायला वाढताना एकदा तिकडे बघायचीच. ती भ्रमिष्ट वगैरे झालेली नव्हती, हे मला ठासून सांगायचंय. तिला व्यवस्थित ठाऊक होतं की ते कापड आहे. मला एकदा म्हणाली, "मी काय वेडी नाही गो. पण बसलाय तोवर बसू दे." ती जेवायला लागली होती, रात्री झोपायला लागली होती. मला वाटलं, जन्मात एक तरी काम सार्थकी लागलं.

वहिनीचं मी काही मनावर घेतलं नाही. सगळ्यांत जास्त हाल तिचेच होते. स्टेशनजवळ चष्म्याच्या दुकानात कामाला जायची, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि घरी येऊन त्या पाठीकडे बघत भाकऱ्या थापायची. संक्रांतीला शेजारी हळदीकुंकवाला गेली तर बायका करंड्यात बोट घालून थांबायच्या. लावावं की नाही? एक लावायची, दुसरी नुसतं वाण हातात द्यायची. एकीने तर तोंडावर विचारलं, "तुमचं आता काय धरायचं?" त्या दिवशी ती घरी आली, चप्पल भिरकावली आणि आईसमोर उभी राहिली.

"आई, मी कोण आहे ते एकदा ठरवा. सवाष्ण तर सवाष्ण, विधवा तर विधवा. काहीतरी एक करा मला. हे असं लटकून मला आता जगवत नाही."

मग म्हणाली की तिने गुरुजींना विचारलंय. परागंदा झालेल्या माणसाचे विधी असतात. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ, अंगावर त्याचा एखादा वापरातला कपडा, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग दहावं-बारावं सगळं रीतसर. कायद्याने जेवढी वाट बघायला हवी तेवढीही बघून झालेली होती.

"हाडं दाखव," आई म्हणाली. "हाडं दाखव, मी स्वतः जाळते. आणि हा समोर बसलाय तो? एक रोज समोर बसलाय आणि दुसरा पानांचा करून जाळू? मला नाही जमायचं."

वहिनी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला आयुष्यात विसरता येणार नाही. तिला वाटत होतं, मी काही बोलेन. तो पुतळा माझा, मी उचलून नेला असता तर आईला हट्ट धरायला जागाच उरली नसती. आणि मी काय केलं? मी चहाचे कप उचलून आत गेले. मलाही तो तिथेच बसलेला हवा होता. विधी बोलायचे नाहीत, गुरुजींचं नाव काढायचं नाही, असं मग घरात न बोलता ठरूनच गेलं. वहिनी घरात असून नसल्यासारखी झाली. एक दिवस निघून जाईल ही पण, असं माझ्या मनात यायचं.

पावसाळ्यात त्याचं अंग सुटायला लागलं. कोपरीची हवा मुळातच दमट, आणि खळ ती खळच. कपड्यांनी ओल धरली की ती मऊ होते. आधी कोपर घसरलं. मग छाती आत गेली. पाठीचा कणा मी जिवाच्या कराराने बसवला होता, त्यात खोलगट घडी पडली. आई म्हणाली, "खंगत चाललाय गो." मी म्हटलं, काही नाही, हवेने होतं. पण मला धसका बसला. एवढा जाडजूड जिवंत माणूस मला राखता आला नाही, आता हे पावभर मैद्याचं सोंगही हातातून चाललं.

मी रोज शाळा सुटली की मानपाड्याऐवजी कोपरीला जायला लागले. हेअर ड्रायर फिरवला. आत बल्ब सोडून ठेवला. इस्त्री गरम करून नुसती जवळ धरली. वरून पातळ खळ मारली, तर जुनी आणखी भिजली आणि एक बाही गळूनच पडली. ती मी टाचण्यांनी अडकवली. कॉलरवर काळी बुरशी दिसायला लागली, घरात आंबूस वास येऊ लागला. वहिनी नाकाला पदर लावून म्हणाली, "वन्सं, हे कुजतंय. तुम्हाला कळतंय का, काय कुजतंय ते?"

"गप बस गं तू!" मी ओरडले. "तुला तर जाळायचीच घाई झालीय."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी बोलून गेले आणि माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण माफी मागायचंही त्राण नव्हतं.

शेवटी एकच उपाय उरला. सगळं सोडवायचं, गरम पाण्यात घालून जुनी खळ काढायची, बुरशी धुवायची आणि नव्याने उभा करायचा. या वेळी गोंदात. चमकला तर चमकला, मेलं कापड तर मेलं, पण बसून तरी राहील. आईसमोर हे करणं शक्य नव्हतं. ती सकाळी गुडघ्यांच्या व्यायामाला नाक्यावरच्या दवाखान्यात जायची, शेजारच्या काकू सोबत असायच्या. मी रविवार धरला. शाळा नाही, गर्दी नाही, आणि दोन-चार दिवसांनी पहिल्यांदाच लख्ख ऊन पडलेलं. आई जिना उतरली तशी मी मोरीत मोठा टब मांडला.

त्याला उचलला तर वजन काहीच नाही. टबात ठेवला. थोडा वेळ तो पाण्यावर तसाच वाकून बसून राहिला, मग हळूहळू खांदे गेले, पाठ गेली, आणि पाण्यात नुसते दोन शर्ट आणि एक पँट तरंगत राहिली. पाणी पांढरट झालं. मी ते कपडे छातीशी धरले. वेडी आशा बघा, मला वाटलं खळीखाली त्याचा वास असेल. घामाचा, कारखान्यातल्या रंगाचा, कसला तरी. मैदाच मैदा. मी तिथे मोरीतच उकिडवी बसून हंबरडा फोडला, तोंडात ओली बाही कोंबून, कारण पलीकडे वहिनी स्वयंपाक करत होती.

मग उठले. शर्ट खळखळून धुतले, झटकले आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकले. पँट राहिलेली, म्हणून बादलीत नळ सोडून ठेवला आणि पाण्याचा आवाज बाहेर नको म्हणून मोरीचं दार लोटून घेतलं.

आता आईचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात कुणी गावाहून, प्रवासातून, हॉस्पिटलातून आलं की आई त्याला बसू देत नसे. पाणीसुद्धा नाही. आधी मोरीत जा, अंगावरचे कपडे बादलीत टाक, डोक्यावरून अंघोळ कर, मग काय ते बोल. कपडे लगेच धुऊन दोरीवर. दादा कारखान्याच्या कामाने बाहेरगावी जाऊन आला की गॅलरीत शर्ट लटकायचे, आणि खालून येणारं-जाणारं माणूस वर बघून म्हणायचं, आला वाटतं तुमचा. तो गेल्यापासून त्या दोरीवर पुरुषाचा कपडा पडला नव्हता.

आई त्या दिवशी लवकर परतली. व्यायाम घेणारी बाई आलीच नव्हती. खालून मला काकूंचा आवाज आला, "अहो, सावकाश! अहो, पडाल!" आणि मग जिन्यावर पावलं. एकेका पायरीवर थांबून चढणारी माझी आई धावत येत होती. हो, धावत. कठडा न धरता. दारात आली, धाप लागलेली, पदर खांद्यावरून सुटलेला, आणि चेहरा असा की मी तो लहानपणानंतर बघितलाच नव्हता.

"आला?" ती म्हणाली.

मला काही समजलंच नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिचं लक्ष मोरीच्या लोटलेल्या दाराकडे होतं. आत नळ धो धो वाहत होता.

"अंघोळीला गेलाय ना? टॉवेल दिलास का त्याला? कधी आला गो? शर्ट बघितले मी खालून."

आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. वहिनी स्वयंपाकघरातून पळत आली. पळता पळता तिने केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला. ती आमच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि त्या दाराकडे बघायला लागली. ओठ उघडे. गालांवर एकदम रंग चढलेला. ज्या बाईने त्याला जाळायचं म्हणून गुरुजी शोधले, तीच ती. नवी नवरी दिसत होती मेली.

आणि मी? शर्ट मी धुतले होते. नळ मी सोडला होता. तरी मीसुद्धा वळून त्या दाराकडे बघितलं.

कुणीच हललं नाही. आत बादली भरून वाहायला लागली, पाणी फरशीवर पडत राहिलं. शेवटी मीच गेले, दार ढकललं आणि नळ बंद केला. बाहेर आले तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही. आई भिंतीला धरून खाली बसत होती. काकू दारात उभ्या होत्या, त्या हळूच निघून गेल्या.

"मी धुतले आई," मी म्हटलं. "पुतळा पुन्हा करायचा म्हणून धुतले. मला वाटलं, तू यायच्या आत..."

ती ऐकत नव्हती. वहिनीकडे बघत होती. वहिनी अजून तिथेच उभी होती, हात केसांवर तसाच राहिलेला, आणि तोंडावरचा तो रंग हळूहळू उतरत होता. आईने तो उतरताना बघितला. पूर्ण उतरेपर्यंत बघितला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, वाट एकटी तीच बघतेय.

मग आई म्हणाली, "बाय गो, इकडे ये." वहिनी गेली, तिच्याशेजारी जमिनीवर बसली. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोघी रडल्या नाहीत. मला वाटलं रडतील, निदान मला तरी रडता येईल. आई म्हणाली, "तुझ्या त्या गुरुजींना बोलव." वहिनीने नुसती मान हलवली.

"आणि माणूस हिने करायचा," आईने माझ्याकडे बोट केलं.

"मी नाही," मी म्हटलं. "आई, मी नाही हं. मी त्याला उभा केला, आता जाळण्यासाठी मला त्याला बांधायला लावू नकोस. गुरुजी करतात. त्यांचं काम आहे ते."

"गुरुजींनी बघितलाय का त्याला?"

मी भांडले. आरडाओरडा केला, नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुम्ही दोघींनी ठरवलंत ना, मग तुम्हीच बांधा पानं. मी शर्ट घेऊन निघून जाईन. तो माझाही होता. तुमच्यासाठी मेला असेल, माझ्यासाठी नाही मेला. आईने सगळं ऐकून घेतलं. मी थकून गप झाल्यावर म्हणाली, "झालं बोलून? आता बस."

विधीच्या दिवशी गुरुजी दर्भ आणि पळसाची पानं घेऊन आले. भले माणूस होते. मी करणार म्हटल्यावर म्हणाले, "चालेल. मंत्राचं मी बघतो, तुम्ही बांधा." खोलीच्या मधोमध पाट मांडला, त्यावर मी दर्भ पसरला. देठ जुळवायचे, सुताने बांधायचे, हात, पाय, छाती. ज्या कामात माझा जन्म गेला तेच काम. आई खुर्चीवर बसून बघत होती, वहिनी तिच्या पायाशी. मी शर्ट चढवला. धुऊन मऊ झालेला, खळीचा कणही नसलेला. वर पांढरं वस्त्र पांघरायचं बाकी होतं.

मी तो वाईट केला होता. मुद्दाम. खांदे सारखे ठेवले, मान ताठ बांधली, छाती सपाट. बुजगावण्यासारखा. कुणीही असता तो, रस्त्यावरचा कुणीही. जळला असता तर आपला कोण जळला असता? गुरुजी म्हणाले, "छान झालं. घ्यायचं का पुढे?" वहिनी माझ्याकडे बघत होती, तिला कळलं होतं.

आई खुर्चीतून उठली. वाकून त्याच्याकडे बघितलं, शर्टावरून एकदा हात फिरवला.

"हा माझा नव्हे," ती म्हणाली. "नीट कर."

मी बटणं काढली, सूत सोडलं आणि तो पुन्हा बांधायला घेतला. या वेळी नीट केला.